चढाची वाट वळणावळणाने

आष्ट्याच्या शिवारात उभे राहून चहूकडे पाहा. पूर्वेच्या अंगाला कृष्णा, दक्षिणेला वारणा आणि मधे ही काळीभोर जमीन. ऊस, सोयाबीन, हळद, भुईमूग. लांबवर येडेनिपाणीकडचा मल्लिकार्जुनाचा डोंगर तेवढा डोळ्यांत भरतो. बाकी सारे कसे परातीसारखे सपाट. समुद्रसपाटीपासून गाव सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर असेल, पण इस्लामपूर-सांगली रस्त्याने सायकल मारणाऱ्या पोराला चढ म्हणून काय तो पुलाचा किंवा ओढ्याचा. १९४९ सालापर्यंत हा मुलूख सातारा जिल्ह्यात होता, मग दक्षिण सातारा झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली पडले. पण जिल्ह्याचे नाव काहीही असो, आष्टा पूर्वीही सपाटीवर होते आणि आजही सपाटीवरच आहे.

तर मग अशा गावच्या माणसाला चढावर वळावे कसे, ही विद्या सांगायची कशाला, असे तुम्ही म्हणाल. पण जरा आठवून पाहा. चैत्रात तुम्ही जोतिबाला जाता. श्रावणात मल्लिकार्जुनाला जाता. मच्छिंद्रगडावर नाथांच्या दर्शनाला जाता. पाव्हणे कोकणात असले तर कराड, पाटण, कोयनानगर करीत कुंभार्ली घाट उतरता आणि येताना तोच घाट चढता. गावातला एखादा पोरगा फौजेत असतो, त्याची नेमणूक काश्मीरला किंवा लडाखला होते, आणि त्याला तर गुडघा गुडघा बर्फातून डोंगर चढावा लागतो. सपाटीवर राहणाऱ्याच्या पायाला चढाची सवय नसते, म्हणून त्याला ही विद्या डोंगरातल्या माणसापेक्षा जास्त हवी. डोंगरातला माणूस ती आईच्या पाठीवर बसूनच शिकतो.

विद्या मोठी नाही. एका वाक्यात सांगायची तर, चढ सरळ चढू नये, आडवे जावे, वळावे, पुन्हा आडवे जावे. अवघड आहे ते वळणे. घसरतो तो माणूस वळताना, उलटते ती गाडी वळताना आणि दम तुटतो तोही बहुधा वळण चुकल्यावर. म्हणून आज आपण आष्ट्याहून निघून वळणांचाच प्रवास करू. जोतिबाच्या घाटापासून निघू आणि पार गुलमर्गच्या बर्फापर्यंत जाऊ.

गुरांनी शिकवलेली वाट

कुठल्याही माळाच्या टेकडीकडे उन्हाळ्यात नीट पाहा. गवत वाळलेले असते, आणि टेकडीच्या अंगावर पांढुरक्या रेघा दिसतात. त्या गुरांच्या आणि शेळ्यामेंढ्यांच्या वाटा. त्यांतली एकही रेघ पायथ्यापासून माथ्यापर्यंत सरळ गेलेली दिसणार नाही. सगळ्या तिरप्या. थोडे आडवे, थोडे वर, मग उलट दिशेला आडवे. गाईला हिशेब येत नाही, पण तिच्या छातीला येतो.

हा हिशेब आपण मांडून पाहू. समजा टेकडीचा उतार चांगला उभा आहे, तीस अंशांचा. सरळ चढलात तर दर दोन पावलांना एक पाऊल उंची चढावी लागते. दहावीस पावलांत पोटऱ्या भरून येतात आणि तोंडाला फेस येतो. तीच टेकडी तिरपी चढलात तर पाच-सहा पावलांना एक पाऊल उंची येते. वाट जवळजवळ तिप्पट लांब होते खरी, पण प्रत्येक पावलाचे ओझे तिसऱ्या हिश्शावर येते. चढ म्हणजे सोसायटीचे कर्जच समजा. उंची ही मुद्दल, ती कुणाला चुकत नाही. एकरकमी फेडायला गेलात तर घर मोडते आणि हप्त्याने फेडलीत तर जास्त दिवस लागतात पण माणूस उभा राहतो. प्रत्येक वळण म्हणजे एक हप्ता.

माणसाने पहिले घाटरस्ते पाडले ते अशा गुरांच्या आणि मेंढपाळांच्या वाटा पाहूनच. बोरघाटात, खोपोलीहून खंडाळ्याला चढताना, जुन्या रस्त्याच्या कडेला शिंग्रोबाचे देऊळ आहे. इंग्रज साहेबाला घाटाची वाट सापडेना, तेव्हा शिंग्रोबा नावाच्या धनगराने ती दाखवली, अशी कथा तिथे सांगतात. कथेत खरे किती, हे बाजूला ठेवा. वाहनवाले आजही तिथे नाणे टाकून पुढे जातात. वाट दाखवणाऱ्याचे ऋण मानायची ही आपली रीत आहे.

गिरोलीचा घाट आणि सासनकाठी

आष्ट्याहून निघून वारणा ओलांडली की वारणानगर, कोडोली लागते. तिथपर्यंत पुन्हा उसाचेच राज्य. कोडोली मागे पडली की गिरोलीचा घाट सुरू होतो आणि गाडीचा आवाज बदलतो. इथे पहिल्यांदा आपल्या सपाटीवरच्या माणसाला वळण म्हणजे काय ते कळते.

घाटातले आकड्यासारखे वळण नीट पाहिलेत तर एक गोष्ट ध्यानात येईल. वळणाच्या आतल्या कडेने गेले तर अंतर थोडे आणि बाहेरच्या कडेने गेले तर अंतर जास्त. पण चढायची उंची दोन्हीकडे सारखीच. म्हणजे आतली कड फार उभी आणि बाहेरची कड सौम्य. जुने गाडीवान हे जाणून होते. भरलेली गाडी चढावर वळवायची तर ते बैलांना बाहेरून मोठा फेरा देत. आतून कापून जाणारा गाडीवान नवखा समजावा. आतल्या अंगाचा बैल जागच्या जागी घोटाळतो, बाहेरचा ओढत राहतो, जू तिरके होते आणि गाडी मागे सरते. म्हणून एक माणूस हातात दगड घेऊन मागच्या अंगाने चालत असे. गाडी थांबली की तो दगड चाकामागे. वळण पार झाल्यावर बैलांना दम द्यायचा, वळणाच्या ऐन मध्यावर नाही. लांबच्या चढाला पुढे आणखी एक बैलजोडी लावीत, तीही पुढची जोडी वळणातून केव्हा वळली आणि मागची केव्हा वळायची, याचा अंदाज घेऊनच.

जोतिबाच्या चैत्र यात्रेला गेलात तर वळायची ही कला तुम्हाला माणसांच्या हातांत दिसेल. सातारा, सांगली, कोल्हापूर अशा जिल्ह्यांतून, आणि बाहेरूनही, गावोगावच्या सासनकाठ्या येतात. तीस-चाळीस फूट उंचीची काठी, वर निशाण, आणि चहूबाजूंना ताणलेले दोर. एक जण काठी पेलतो, बाकीचे दोर धरतात. गुलालाने सगळे रंगलेले, तोंडाने ‘चांगभलं’चा गजर. पण चढावर वळण आले की बघा. ज्याने काठी पेलली आहे तो आधी थांबतो. पाय रोवतो. मग एका अंगाचे दोर सैल होतात, दुसऱ्या अंगाचे ताणतात, आणि काठी उभीच्या उभी वळते. पाय आधी वळतात, भार मागून वळतो. कुणी घाई केली, कुणी एकट्यानेच ओढले, की काठी कलली. लांब वस्तू घेऊन चढावर वळायचे तर आधी थांबावे, पाय भक्कम करावेत, आणि मग थोडे थोडे वळावे. हे सूत्र इथे लक्षात ठेवा. पुढे बर्फात ते आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

मागे फिरून चढणारी आगगाडी

बैल वळतो, माणूस वळतो. पण आगगाडीने काय करावे? तिला आकड्यासारखे वळण घेता येत नाही. रूळ एवढे वाकत नाहीत. आणि चढ तर तिला मुळीच सोसत नाही. लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरते.

मुंबईची आगगाडी पुण्याकडे आणायची तर सह्याद्री आडवा. १८५६ साली बोरघाटात रेल्वेचे काम सुरू झाले. मुख्य इंजिनिअर होते जेम्स बर्कले. सुमारे पंधरा मैलांत १,८३१ फूट चढायचे होते. सगळ्यात उभ्या जागी सदतीस फुटांना एक फूट एवढाच चढ ठेवला. पण डोंगर तेवढी जागा देईना. एके ठिकाणी पुढे कडा आणि बाजूला दरी, वळायला वाव नाही.

तेव्हा त्यांनी युक्ती केली. गाडी डोंगराच्या एका नाकाडापर्यंत सरळ न्यायची आणि तिथे थांबवायची. पुढचे इंजिन सोडायचे आणि गाडीच्या दुसऱ्या टोकाला लावायचे. मग जे टोक मागे होते ते पुढे होऊन गाडी उलट दिशेने वर निघायची. म्हणजे वळण न घेता दिशा बदलायची! खंडाळ्याखालच्या त्या जागेला ‘रिव्हर्सिंग स्टेशन’ म्हणत. १८६३ साली घाट सुरू झाला. पंचवीस बोगदे, बावीस पूल. पुढे १९२९ साली नवा मार्ग झाला आणि ही उलटसुलट बंद पडली. नाशिकच्या बाजूच्या थळ घाटातही अशीच युक्ती केलेली होती. दार्जिलिंगच्या छोट्या आगगाडीच्या वाटेवर तर गाडी पुढे-मागे करीत चढते अशा जागा आजही आहेत.

या घाटाची किंमत आपल्या माणसांनी मोजली. १८६१ च्या सुमारास कामावर एका वेळी बेचाळीस हजार मजूर होते. बायका, पोरे डोक्यावर पाट्या वाहत होती. पटकीच्या साथीत कितीतरी माणसे गेली. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली हिंदुस्थानात आला आणि थोड्याच दिवसांत वारला. तेव्हा त्याची बायको अ‍ॅलिस हिने ठेका आपल्या हातात घेतला आणि इंजिनिअरांच्या मदतीने काम तडीस नेले. घरधनी गेल्यावर शेत पडू न देणाऱ्या बाया आपल्याकडेही घरोघर आहेत, त्यांना या बाईची ओळख लगेच पटेल.

बर्फावरची फळी

आता शेवटच्या टप्प्याला चला. सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांतून फौजेत जाणारी पोरे पिढ्यान्‌पिढ्यांची आहेत. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला तर ‘मिलिटरी अपशिंगे’ असेच म्हणतात. बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात आपल्याकडची पोरे घडतात आणि मग देश नेईल तिथे जातात. काश्मीरमध्ये गुलमर्गला १९४८ साली लष्कराने बर्फावर चालायची शाळा काढली. पुढे तिचे अतिउंचीवरील युद्धशिक्षणाचे विद्यालय झाले. तिथे जवानांना स्की शिकवतात.

स्की म्हणजे काय? लांब, अरुंद फळ्या, पुढचे टोक वर वळलेले. एकेका बुटाखाली एकेक फळी बांधायची. बुटाने बर्फात पाय रुतला तर मांडीपर्यंत जातो. फळीमुळे वजन पसरते आणि माणूस वर राहतो. चिखलात आपण पाटावर उभे राहतो, तसेच. उतारावरून घसरत खाली येताना त्याची मजा सगळ्यांनी चित्रांत पाहिलेली असते. पण खाली यायचे तर आधी वर गेले पाहिजे. गुलमर्गला हौशी मंडळींसाठी तारेवरचे पाळणे आहेत, ते वर नेऊन सोडतात. पहाऱ्याच्या चौकीकडे पाळणा जात नाही. तिथे जवानाला आपल्या पायांनी जायचे असते. आता पुण्यामुंबईची काही तरुण मुलेही दूरच्या डोंगरात अशी पायी चढतात आणि मग घसरत उतरतात.

घसरणारी फळी घेऊन वर चढायचे कसे? फळीच्या तळाला केसाळ पट्टी चिकटवतात. पूर्वी ती सील नावाच्या समुद्री प्राण्याच्या कातड्याची असे, आता मोहेअरची, म्हणजे अंगोरा बकरीच्या लोकरीची, किंवा नायलॉनची असते. तिचे केस मागच्या दिशेला झुकलेले. आपल्या धोतराला किंवा लुगड्याला गवताचे कुसळ लागते ना? ते एका दिशेने आत आत जाते, पण उलटे ओढले तर निघत नाही. तसेच हे. फळी पुढे सरकते, मागे येत नाही. शिवाय वर चढताना बुटाचे पुढचे टोक फळीला अडकवलेले आणि टाच मोकळी. टाच उचलायची, फळी पुढे सरकवायची. फळी उचलायची नाही, सरकवायची. डोईवर हारा घेतलेली बाई चिखलात पाऊल कशी बेताने पुढे सारते, तशी चाल.

पण केसाळ पट्टीचीही ताकद ठरलेली आहे. फार उभ्या चढाला ती सुटते. मग काय, पुन्हा आपली गुरांची वाट. तिरपे जायचे, वळायचे, पुन्हा तिरपे. आणि इथे वळणे खरोखर अवघड, कारण पायाला माणसाच्या उंचीएवढी फळी. अरुंद बोळात खांद्यावर शिडी घेऊन वळून पाहा म्हणजे कळेल.

वळायच्या तीन तऱ्हा

चढ सौम्य असेल तर वळण मोठे घ्यावे. एकेक पाऊल थोडे थोडे वरच्या अंगाला फिरवत, गाडीवान बैलांना फेरा देतो तसा फेरा द्यावा. थांबायचे कारण नाही, चाल मोडत नाही, दम टिकतो.

चढ मध्यम असेल तर पंख्यासारखी पावले टाकावीत. वरच्या अंगाच्या फळीचे टोक थोडे उघडायचे, दुसरी तिच्याजवळ आणायची. पुन्हा उघडायचे, पुन्हा जवळ आणायची. पाच-सहा पावलांत तोंड फिरते. एकदम फिरायला गेले की फळीवर फळी पडते आणि माणूस बसतो.

चढ खूप उभा असेल तर मात्र लाथेचे वळण. हे बोरघाटातल्या आगगाडीचेच भावंड. आधी जागा निवडायची. जरा सपाट, मऊ बर्फाची. वळणाच्या चार पावले आधीच वाटेचा चढ कमी करायचा, म्हणजे फळ्या उताराला अगदी आडव्या येतात, पुढेही घसरत नाहीत आणि मागेही नाहीत. पायांनी बर्फ तुडवून ओटा करायचा. दोन्ही हातांतल्या काठ्या भक्कम रोवायच्या. आता सगळा भार खालच्या अंगाच्या पायावर. वरच्या अंगाचा पाय फळीसकट उचलायचा, फिरवायचा आणि जायच्या नव्या दिशेला तोंड करून ठेवायचा. या घटकेला माणूस मोठा विचित्र दिसतो. एक पाय पूर्वेला आणि एक पश्चिमेला! इथेच नवखा घाबरतो आणि घाईने दुसरा पाय ओढतो. तसे करायचे नाही. श्वास घ्यायचा. भार हळूच नव्या पायावर टाकायचा. तो पाय धरतो आहे, अशी खात्री झाली की मागचा पाय उचलायचा, आणि टाचेने मागे हलकी लाथ मारायची. टाच मोकळी असते, म्हणून लाथेने फळीचे मागचे शेपूट खाली जाते आणि पुढचे टोक वर उठते. ते टोक बुटाजवळून निसटले की पाय फिरवून पहिल्याच्या शेजारी ठेवायचा. झाले वळण. मग काठ्या उचलून पुढे चालायचे.

सासनकाठीचे सूत्र इथे पुन्हा भेटले की नाही? थांबा, पाय रोवा, एक बाजू फिरवा, भार टाका, मग दुसरी बाजू.

बर्फातले जाणकार आणखी एक सांगतात. वळणे कमीत कमी घ्या. दर वळणाला दम जातो आणि दर वळणाला घसरायची भीती. म्हणून वर चढण्याआधी खाली उभे राहून सारा उतार डोळ्यांखालून घालायचा, कुठे वळायचे त्या दोन-चार जागा मनात ठरवायच्या आणि मग पाऊल उचलायचे.

बर्फ कोसळतो तेव्हा

हा सगळा खटाटोप केवळ दम वाचवायला नाही, जीव वाचवायला आहे. तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर साठलेला बर्फ एकाएकी सुटून कोसळण्याचा धोका सगळ्यात जास्त असतो. फार सौम्य उतारावर तो सहसा सुटत नाही, फार उभ्या कड्यावर तो साठत नाही. नेमका चढायच्या उतारावरच सुटतो. तिथे माणसे एकाच्या डोक्यावर एक अशी वळणे घेत गेली, तर वरच्याच्या पायाने सुटलेला बर्फ खालच्यांवर येतो. म्हणून धोक्याच्या उतारावर वळणांची उतरंड रचायची नाही. डोंगराच्या सोंडेवरून किंवा दाट झाडांतून जायचे. उघडा उतार ओलांडायचा तर एका वेळी एकानेच, बाकीच्यांनी आडोशाला थांबून त्याच्यावर नजर ठेवायची. वळणाऱ्याच्या खाली कुणी उभे राहायचे नाही.

२०१० सालच्या फेब्रुवारीत गुलमर्गजवळ खिलनमर्गला याच विद्यालयातले जवान शिक्षण घेत असताना हिमकडा कोसळला आणि सतरा जवान गेले. शिकवणारे आणि शिकणारे, सारे जाणते होते. तरी डोंगराने ऐकले नाही. २०१६ सालच्या फेब्रुवारीत सियाचीनला चौकीवर बर्फ कोसळून दहा जवान गेले, त्यांत साताऱ्याच्या माण तालुक्यातला एक होता. दुष्काळी माणदेशातला पोरगा, ज्याच्या गावाने थेंब थेंब पाण्याची वाट पाहिली, तो बर्फाखाली गेला. तुमच्या गावातले पोर तिकडे असेल तर त्याच्या पत्रातल्या, आता फोनवरच्या म्हणा, ‘सगळे ठीक आहे’ या तीन शब्दांमागे असे किती उतार असतात, ते यावरून समजावे. तो सुट्टीवर आला की त्याला जेवणखाण विचारता, तसे एकदा विचारा, बाबा, तू चढतोस कसा, वळतोस कसा? तो खुलून सांगेल. घरच्यांनी आपल्या कामाची विचारपूस केलेली कुणाला आवडत नाही?

आपल्या दारचे चढ

आता आष्ट्याला परत येऊ. बर्फ नसला तरी वळणे आपल्यालाही आहेत.

पहिली गोष्ट यात्रेची. घरातल्या वडीलधाऱ्यांना घेऊन गड किंवा डोंगर चढताना तरण्या पोरांनी पुढे पळू नये. बोलता बोलता चालता येईल एवढीच चाल ठेवावी. बोलताना धाप लागली की चाल जास्त झाली, असे समजावे. थांबायचे ते वळण पार करून, सपाट जागी, चढावर तोंड करून नव्हे. छातीत दुखले, डावा हात भरून आला किंवा घाम फुटून गरगरले, तर देवाची क्षमा मागून तिथूनच खाली यावे आणि दवाखाना गाठावा. पायथ्याचे दर्शनही दर्शनच असते. पायऱ्या उभ्या असतील तर त्याही नागमोडी चढता येतात. गर्दी नसेल तेव्हा डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे असे तिरपे चढून पाहा, गुडघे दुवा देतील.

दुसरी गोष्ट मधल्या वाटेची. डोंगरावर वळणाची वाट असताना पोरे दोन वळणांमधून सरळ कापून जातात. पाच मिनिटे वाचतात. पण पावसाळ्यात पाणीही तीच सरळ वाट धरते. पहिल्या वर्षी रेघ पडते, दुसऱ्या वर्षी ओघळ, आणि चार वर्षांनी वाटच खचते. शेतातही हेच. पूर्वेकडे जत, कवठेमहांकाळ, आटपाडीच्या चढउताराच्या रानांत जाणता शेतकरी उताराला आडवी नांगरट करतो, आडवी पेरणी करतो, ताली घालतो. उताराच्या दिशेने मारलेली प्रत्येक तास म्हणजे मातीला खाली पळायला करून दिलेली पन्हळ. चढणाऱ्या माणसाला जे सूत्र, तेच उतरणाऱ्या पाण्याला. त्यालाही आडवे न्यावे, थांबवावे, मग वळवावे.

तिसरी गोष्ट ट्रॅक्टरची, आणि ती सगळ्यात महत्त्वाची. हंगामात साखराळे, कारंदवाडीच्या वाटांवर दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर रात्रंदिवस चालतात. रानातून डांबरीवर चढताना, ओढ्यातून वर येताना जो छोटा चढ लागतो, तिथेच घात होतो. चढावर ट्रॉलीचा भार मागे ओढतो आणि ट्रॅक्टरचे पुढचे तोंड हलके होते. पुढची चाके हलकी झाली की स्टिअरिंग फिरवले तरी ट्रॅक्टर वळत नाही, आणि ऐन चढावर वळायला गेले तर मागची ट्रॉली आडवी येते. म्हणून चढाआधीच खालचा गिअर टाकावा, मधे बदलू नये. शक्य तर आधी सरळ चढून घ्यावे आणि सपाटीला आल्यावर वळावे. वळणे भागच असेल तर जुन्या गाडीवानासारखा बाहेरून मोठा फेरा द्यावा. ट्रॉलीच्या मागे किंवा दोन ट्रॉल्यांच्या मधे कुणाला उभे राहू देऊ नये, विशेषतः तोडकऱ्यांच्या पोरांना. उसाच्या कांड्यासाठी ती मागे धावतात. चाकामागे लावायचा लाकडी ठोकळा ट्रॅक्टरवर कायम ठेवावा. आणि अरुंद चढाच्या रस्त्यावर समोरासमोर गाडी आली तर उतरणाऱ्याने थांबावे, चढणाऱ्याला वाट द्यावी. ही जुनी घाटाची रीत आहे, आणि २०१७ सालच्या वाहन चालवण्याच्या नियमांतही ती लिहिलेली आहे.

गाईने टेकडीवर पाडलेली वाट, सासनकाठीचे दोर, बोरघाटातली उलटी फिरणारी आगगाडी आणि बर्फातल्या जवानाची लाथ, या चारही गोष्टींत शहाणपण एकच आहे. वर जायचे असले तरी तोंड सदा वरच ठेवून भागत नाही. मधून मधून आडवे व्हावे लागते, कधी पाठही फिरवावी लागते. त्यात कमीपणा काही नाही. येत्या चैत्रात गिरोलीचा घाट चढाल तेव्हा बाहेर नजर टाका आणि शेजारी बसलेल्या नातवाला वळणे मोजायला लावा. माथ्यावर पोहोचेपर्यंत त्याला चढ कसा चढायचा, ते कळून चुकलेले असेल.